श्रावणातली सुकट

सुंदराला खोकता येत नव्हतं. खोकला यायचा, छातीत घरघरायचा, पण तो बाहेर फेकायला लागणारं बळच अंगात उरलं नव्हतं. शेलूहून कळंबला सून म्हणून आली तेव्हा भाताचा भारा एकटीने डोक्यावर घेणारी बाई ती. आता पाण्याची कळशी आणली तरी उंबऱ्यावर टेकावं लागे.

कर्जतच्या दवाखान्यात क्षयाचं निदान झालं, सुया आणि गोळ्या सुरू झाल्या, आणि त्याच दिवसापासून सासूने, गौराबाईने, तिचं पथ्य सुरू केलं. ताटली वेगळी, जागा पडवीत, आणि खायला पातळ पेज. डाळ नको, वातूळ. अंडं नको, उष्ण. मासळी तर नकोच, कफ वाढतो. गौराबाई दुष्ट नव्हती. तिची धाकटी जाऊ याच रोगाने गेली होती, तेव्हा वैद्याने सांगितलेलं पथ्य तिला तोंडपाठ होतं. जाऊ त्या पथ्यावर वाचली नाही, हे मात्र तिच्या ध्यानात कधी आलंच नाही.

चौऱ्याहत्तर सालचा आषाढ सरत आला होता. नवरा येसाजी सुंदराला पुन्हा कर्जतला घेऊन गेला. डॉक्टरीण दिघेबाईंनी छाती ऐकली, मग तिचा दंड हातात धरून पाहिला. तो त्यांच्या मुठीत मावला.

"गोळ्या घेतेस ना?"

"एक चुकवली नाय."

"आणि जेवतेस काय?"

सुंदराने सांगितलं. बाईंचा चेहरा तापला.

"ऐक. डाळ, अंडं, मासळी पोटात गेली की शरीर त्यांचे अगदी बारीक तुकडे करतं. अमिनो आम्लं म्हणतात त्यांना. त्यातूनच फुप्फुसाची जखम भरते, श्वास ओढणारे स्नायू बांधले जातात, रोगाशी झुंजायची ताकद येते."

"आन् ती मिळाली नाय तर?" येसाजीने विचारलं.

"तर शरीर स्वतःलाच मोडून खातं. हिच्या दंडाचं मांस गेलं, आता बरगड्यांमधलं चाललंय. म्हणून हिला खोकता येत नाही. गोळ्या जंतू मारताहेत हो, पण तुम्ही हिला उपाशी मारताय."

येसाजीने घरी येऊन आईला सगळं सांगितलं. गौराबाई म्हणाली, "उद्यापास्नं श्रावण. डॉक्टरणीला म्हणावं, ये आन् माज्या चुलीवर मासळी शिजव." येसाजी खाली मान घालून गुरांकडे निघून गेला. सुंदराने त्याची वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पडवीच्या टोकाला, पाऊस लागणार नाही अशा बेताने, तीन दगड मांडले. दगड वाहतानाच दोनदा बसावं लागलं. डबीत माहेरची सुकट, वाळवलेली बारीक मासळी, होती, घरातले मूठभर वाल होते. कालवण रटरटायला लागलं तसा वास आळीभर गेला. गौराबाई धावत बाहेर आली.

"श्रावणात? माज्या घरात? देव हायत गं आत!"

"देव आत हायत, आत्याबाई. मी भायेर हाय. तुमीच ठेवलंय मला भायेर."

असं बोलायला ती शिकली कधी, हे तिलाच कळलं नाही. पाप लागेल, घरावर काही ओढवेल, ही भीती तिलाही होतीच. तिने पहिला घास पाण्याबरोबर ढकलला आणि दुसरा घेतला.

गौराबाईने आळीतल्या पोशाबाबाला बोलावून आणलं. त्याचा शब्द गावात कोणी मोडत नसे. पावसाचं इरलं बाजूला ठेवून तो समोर उकिडवा बसला.

"पोरी, महिनाभर दम धर. श्रावण सरला का पोटभर खा."

"बाबा, दमच नाय उरला. धरू कुठला?"

पोशाबाबाने पुढे वाकून तिच्या गळ्याजवळची हाडं पाहिली. मग तो उठला आणि गौराबाईला एवढंच म्हणाला, "मला नको आनत जाऊस परत."

त्यानंतर सासू-सुनेचं बोलणं तुटलं. विहिरीवर बायका तिला बघून हंडे मागे ओढत. गौराबाई अंडी भाताच्या कणगीमागे लपवू लागली, तर सुंदरा कोंबडीखालचीच उचलून आणी आणि सासूच्या देखत फोडी. येसाजी मधे पडत नव्हता. पण पडवीत सुकी लाकडं मात्र कोणीतरी आणून ठेवत होतं.

भाद्रपदात एका सकाळी तिला खोकला आला तो थेट पोटातून. खांब धरून ती खोकली, पुन्हा खोकली, आणि घट्ट कफाचा गोळा बाहेर पडला. त्यामागोमाग श्वास आत गेला, खूप दिवसांनी तळापर्यंत गेला. आवाज ऐकून गौराबाई दारात आली, पांढरीफटक.

"रगत हाय का गं?"

"नाय. कफ हाय." सुंदरा धापा टाकत हसत होती. "खोकले मी, आत्याबाई! खोकले!"

माघात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की थुंकीत आता जंतू नाहीत. डाव्या फुप्फुसाचा एक कोपरा कायमचा गेला, चढावर दम लागणार, गोळ्या आणखी वर्षभर घ्यायच्या. पण ताटली वेगळी नको.

त्याच महिन्यात आळीत लग्न निघालं. सुंदरा बायकांच्या पंगतीत मधोमध बसली. दोन्ही बाजूंच्या बायका दूर सरकल्या. वाढणारी जनी वरणाचं भांडं घेऊन तिच्यापाशी अडखळली, पुढे जावं की वाढावं कळेना तिला.

"वाढ की गं," सुंदरा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तपासून आलेय मी. काय नाय माज्यात. आन् वरचं पानी नको, तळाची डाळ वाढ."

जनीने पळी बुडवली. समोरच्या ओळीत गौराबाई बसली होती. तिने मान वर केली नाही, पण पानावरून उठलीही नाही. सुंदराने वरण भातात कालवलं आणि ती म्हणाली, "अजून वाढ."