बर्फात गेलेली कुपी

अपूर्वानं फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यातली दीपाताईची कुपी डब्यासकट गायब!

शनिवारी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेचा फ्रिज बंद पडला, म्हणून ताईनं ती घरी आणली होती. करंगळीच्या पेराएवढी कुपी, पण यायला दोन महिने लागलेले. माणसाच्या पेशींत एक ठरावीक प्रथिन आहे की नाही, हे तिच्यातल्या अँटीबॉडीनं कळणार होतं. सोमवारी ताईचा पीएचडीचा शेवटचा प्रयोग. "गार राहू दे, पण गोठू देऊ नको. गोठली की बिघडायची भीती," असं अपूर्वाला बजावून ताई रविवारी सकाळीच मैत्रिणीच्या लग्नाला गडहिंग्लजला गेली.

आणि अपूर्वा! विज्ञान प्रदर्शनात पहिली आल्यापासून तिच्या बोलण्याला नुसता ऊत आला होता. त्याच सकाळी पोहे खाताना तिनं आईला सगळं साग्रसंगीत समजावलं. "सशाला ते प्रथिन टोचतात. मग त्याच्या अंगात ते ओळखणाऱ्या अँटीबॉडी तयार होतात. मग त्याचं रक्त काढतात..."

आईचा घास हातातच राहिला. पण बोलायच्या भरात ते बघतंय कोण?

"आई, कुपी कुठाय?" आता, दुपारी, तिचा आवाज चिरकत होता.

"सशाचं रक्त, माझ्या दुधाशेजारी? अंडंसुद्धा येत न्हाय या घरात," आई म्हणाली. "शेजारी क्रांतीकडं दिली. त्यांच्यात चालतंय सगळं."

अपूर्वा अनवाणीच पळाली.

"ती व्हय?" क्रांतीकाकू हसल्या. "बर्फाच्या कप्प्यात ठेवलीय की! जास्त टिकंल म्हटलं."

मटणाच्या पिशवीखालच्या डब्यातून कुपी निघाली. आत पांढरा खडा. अपूर्वाच्या मुठीत बघता बघता त्याचं पाणी झालं.

"झालं की पातळ! जा, ठेव गपचूप. ताईला काय कळतंय?"

खरंच, काही कळणार नव्हतं. हीच तर भीती होती. अँटीबॉडी मेली असेल, तर तपासणीच्या पट्टीवर रेघ उमटणार नाही. ताई समजणार, प्रथिनच नाही. आणि तसंच लिहून मोकळी होणार! चार वर्षांची मेहनत, आणि शेवट खोटा.

घरी येऊन कुपी पुन्हा खालच्या कप्प्यात ठेवली आणि तिनं ताईला फोन लावला. तिसऱ्या रिंगला तो उचलला गेला. मागं बँड ढणढणत होता.

"ताई, मग पाहिजे तेवढं बोल, पण आधी ऐक."

तिनं सगळं सांगितलं.

"बर्फात किती तास होती?"

"पाच."

"बरं झालं सांगितलंस." ताईचा आवाज कोरडा होता. "ज्या नमुन्यात ते प्रथिन हाय म्हणून पक्कं ठाऊक हाय, त्यावर ही अँटीबॉडी उद्या आधी तपासू."

"आणि रेघ न्हाय आली तर?"

"ते उद्या बघू. आता आईला फोन दे."

सोमवारी शाळा सुटली तशी अपूर्वा दप्तरासकट प्रयोगशाळेत. ताई पट्टीचा फोटो दाखवणाऱ्या संगणकाच्या पडद्यासमोर. पडदा कोराच. मग धुक्यातनं यावी तशी एक करडी रेघ वर आली.

"आली?"

"फिकट हाय. पण जागेवर हाय."

"हुश्श!" अपूर्वानं दप्तर खाली टाकलं.

"एवढ्यात हुश्श करू नको," ताई हातमोजे बदलत म्हणाली. "आता माझे खरे नमुने लावतो. त्यांच्यात प्रथिन असलं तर याहून कमीच असणार. या अँटीबॉडीत तेवढा जीव उरलाय का बघू."