शिंप्याच्या खडूचं इंजिन

ही गोष्ट एकोणीसशे ब्याण्णव सालची. त्याच वर्षी धूरतपासणीचा नियम कडक झाला होता. गाडी तीनदा नापास झाली, की तपासणी केंद्रातच तिची नंबरप्लेट काढून घ्यायचे आणि मालकाला पायी घरी धाडायचे. केंद्राच्या मागच्या भिंतीला अशा जप्त केलेल्या प्लेटा ओळीने टेकवून ठेवलेल्या असत, आणि रांगेतले लोक मुद्दाम तिकडे बघायचं टाळत.

केंद्राच्या खिडकीत फॉर्म भरायला एक कारकून होती, लग्नाला जेमतेम चार वर्षं झालेली. मालक सांगेल ते ती कॉम्प्युटरमध्ये टाकायची: मॉडेल कुठलं, सिलिंडर किती, स्ट्रोक किती. त्यावरून आतल्या मशीनला समजायचं, की आपल्यापुढे कसली गाडी उभी आहे. काम साधं होतं आणि तिला ते आवडायचं. एप्रिलमधल्या एका सकाळी तिने मान वर केली, तर खिडकीपुढे तिची सासू.

सासूबाई पडदे शिवायच्या. घरांचे, दवाखान्यांचे, एकदा तर अख्ख्या नाट्यगृहाचा. गिऱ्हाइकाकडे जाऊन माप घ्यायचं, कापडाचे तागे घरी आणायचे, शिवून झाले की दांड्यांसकट नेऊन टांगून द्यायचे, सगळं त्या एकट्या करत, आणि सगळं त्या गाडीतून. गाडी त्यांनी तेरा वर्षांपूर्वी कोणालाही न विचारता घेतली होती. निळी, बुटकी, मागचं दार वर उघडणारी. तिचं इंजिन रोटरी होतं, म्हणजे इतर गाड्यांसारखं वरखाली न होता गोल फिरणारं. शहरात तसली दुसरी गाडी कोणी पाहिली नव्हती.

"सिलिंडर किती?" सुनेने विचारलं.

"एकही नाही."

"अहो आई, मागे रांग लागलीय."

"मग मी काय करू? नाहीतच, तर कुठून आणू?" सासूबाईंनी पर्समधून शिंप्याचा खडू काढला, तीन कोपऱ्यांचा, कडा फुगलेल्या, आणि खिडकीच्या कट्ट्यावर गोल फिरवून दाखवला. "हे बघ. असा एक तुकडा आत गरगर फिरतो. असे दोन आहेत. संपलं."

"शून्य टाकलं तर कॉम्प्युटर घेत नाही."

"मग त्याला शिकव."

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. सुनेने चार सिलिंडर, चार स्ट्रोक असं टाकलं आणि कागद पुढे सरकवला. निम्म्या शहराच्या गाड्या चार-चारच असत.

तेवढ्यात गेटवरचा माणूस धावत आला. "बाई, रांगेत इंजिन बंद ठेवायचं. पाटी वाचा."

"ही गार असताना बंद केली, की हिच्या तोंडात पेट्रोल भरतं आणि मग दिवसभर सुरू होत नाही. तुम्ही ढकलणार का?"

"मी कशाला ढकलू?"

"मग बाजूला व्हा. धूर निघतोय, खोकला येईल."

आत जे मुख्य तपासनीस होते, त्यांना सगळं केंद्र पाठीमागे 'काटा' म्हणायचं. मशीनचा काटा सांगेल तेवढंच त्यांना खरं वाटायचं. त्यांनी इंजिनच्या एका वायरीला चिमटा लावला. त्या वायरीतून किती ठिणग्या जातात ते मोजून मशीन इंजिनच्या फेऱ्या सांगायचं. काटा सोळाशेवर गेला.

"उभ्या उभ्या मिनिटाला सोळाशे फेऱ्या? हजाराच्या वर चालत नाही. कमी करून आणा."

"आठशे आहेत," सासूबाई म्हणाल्या. "तेरा वर्षं ऐकतेय मी."

"बाई, कान घरी वापरायचे. इथे काटा."

ती पहिली नापासी. सासूबाईंच्या गॅरेजवाल्याला सगळे मामा म्हणत. मामांनी कुरकुर करत फेऱ्या इतक्या उतरवल्या, की गाडी हिवताप आल्यासारखी थरथरायला लागली. दुसऱ्या खेपेला सुनेने जुन्याच फॉर्मवर शिक्का मारला. फेऱ्या कशाबशा नियमात बसल्या, पण तेवढ्या कमी फेऱ्यांत इंधन नीट जळेना आणि धुराचा काटा थेट लाल पट्ट्यात गेला. दुसरी नापासी. आता एकच संधी राहिली होती, आणि मुदत पंधरा दिवसांची.

घरी सासूबाईंनी आदळआपट केली नाही. फक्त सुनेला 'सरकार' म्हणायला सुरुवात केली. "सरकारांना चहा हवाय का?" "सरकार आंघोळीला गेलंय, नंतर या." सून हसून साजरं करायची.

नवऱ्याला मात्र मनातून बरंच वाटत होतं. "आई, जाऊ दे ना ती गाडी. एकसष्ट वर्षांची झालीस. किती दिवस तागे उचलणार? आता घरी बस, आराम कर."

"आराम करून काय करू?"

"काहीही कर. टीव्ही बघ."

सासूबाई उठून आत गेल्या. गाडी गेली की मापं गेली, मापं गेली की शिवण गेलं. हे त्यांनी उच्चारलं नाही, पण दोन नव्या गिऱ्हाइकांना त्यांनी फोनवर "पुढच्या महिन्यात कळवते" असं सांगितलेलं सुनेने ऐकलं होतं. सासूबाईंनी आजवर कोणालाही 'कळवते' म्हटलं नव्हतं. त्या नेहमी 'येते' म्हणायच्या.

रविवारी दुपारी सासूबाईंनी तिला हाक मारली. "सरकार, जरा कापड धरा. जड आहे."

हिरव्या मखमलीचा पडदा होता. सून समोर बसून तो तोलून धरत होती. कोपऱ्याशी आल्यावर सासूबाईंनी पायडल सोडलं आणि शेवटचे टाके हाताने चाक फिरवून घालायला लागल्या. चाकाची एक फेरी, सुई एकदा खाली. एक फेरी, एक टाका.

"मशीन किती मऊ चालतं तुमचं," सून म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून.

"एका फेरीला एक टाका पडतो ना, म्हणून. माझी गाडीही अशीच. एक फेरी, एक ठिणगी."

"सगळ्याच गाड्यांचं तसं असेल की."

"छे! बाकीच्यांचं आळशी काम. त्यांची वायर दोन फेऱ्यांत एकदा पेटते. मामा सांगतो ना."

सुनेच्या हातातून मखमल घसरली. केंद्रातलं मशीन ठिणग्या मोजतं. गाडी चार स्ट्रोकची आहे असं त्याला सांगितलं, की ते प्रत्येक ठिणगीमागे दोन फेऱ्या धरतं. म्हणजे आठशे ठिणग्यांच्या सोळाशे फेऱ्या. आणि चार स्ट्रोक असं त्याला सांगितलं कोणी?

"अहो आई," ती म्हणाली, "चूक गाडीची नाही. माझी आहे. मी फॉर्ममध्ये डोळे झाकून चार-चार टाकलं. मशीन दुप्पट मोजत होतं. तुमच्या आठशेच होत्या."

सासूबाईंनी चाकावरचा हात काढला नाही. "दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

सुनेला वाटलं, आता काय ऐकून घ्यावं लागेल ते लागो. सासूबाईंनी दाताने दोरा तोडला.

"मग उसव की," त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी सून काटेसाहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे फॉर्मवर दोन स्ट्रोक टाकायचं? कारला? ही काय स्कूटर आहे?"

"दोन स्ट्रोक टाकलं की मशीन एका फेरीला एक ठिणगी धरतं. ही गाडीही तशीच आहे."

"चूक झाली असं लिहून दिलंत तर तुमच्या फाइलवर शेरा येईल."

"लिहून आणलंय."

"आणि सासूसाठी केलं असं लोक म्हणतील ते?"

"म्हणूनच मी मोजणार नाही. तुम्ही मोजा."

काटेसाहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. त्यांनी काय ठरवलं ते सुनेला चार दिवस कळलं नाही.

शुक्रवारी सासूबाईंनी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन फेऱ्या पुन्हा आपल्या कानाला पटतील तेवढ्या वाढवल्या. मग तासभर शहराबाहेरच्या रस्त्यावर गाडी पळवून तापवली आणि तशाच रांगेत येऊन उभ्या राहिल्या. गेटवरचा माणूस पाटीकडे बोट दाखवणार, तोच त्यांनी काच वर केली.

काटेसाहेब कपाटाकडे गेले. तळाच्या खणातून त्यांनी एक पितळी यंत्र काढलं, घड्याळाएवढं, पुढे रबरी टोक असलेलं. फिरत्या दांड्याला ते टोक टेकवलं की फेऱ्या सरळ मोजल्या जातात, मध्ये ठिणगी नाही की वायर नाही. कोट काढून ते गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. सून खिडकी सोडून दारापर्यंत आली. खड्ड्यातून बराच वेळ नुसते बूट सरकल्याचे आवाज येत होते.

"आठशे वीस," खालून आवाज आला. मग थोड्या वेळाने, "पुन्हा बघतो." आणि मग, "आठशे वीसच."

ते वर आले तेव्हा कपाळाला काळा डाग लागला होता. "दोन स्ट्रोक टाका," ते सुनेला म्हणाले. "शेरा मी लिहीन. पण आधी दोन स्ट्रोक टाका."

आता धूर उरला. एवढ्या वेळात गाडी उभ्या उभ्या निवली होती, आणि निवली की हिचा धूर वाढायचा. शिवाय हिला थोडं तेल पेट्रोलबरोबर जाळायची सवयच होती, कंपनीने लावलेली. काटा लाल पट्ट्याच्या आत दोन रेघा जाऊन उभा राहिला. सुनेने दाराची कड घट्ट धरली.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या आणि पायाने इंजिन चढवलं. इमारत घुमायला लागली.

"नियमात तापवायला तीन मिनिटं आहेत," काटेसाहेब मनगटाकडे बघत ओरडले. "तीन म्हणजे तीन!"

"तुम्ही घड्याळ बघा, मी गाडी बघते!"

तिसऱ्या मिनिटाला त्यांनी पाय उचलला. इंजिन आठशेवर येऊन मांजरासारखं गुरगुरायला लागलं. काटा थरथरला, एक रेघ उतरला, थबकला. मग आणखी एक उतरला आणि पांढऱ्या पट्ट्यात, अगदी कडेला, टेकला. काटेसाहेबांनी वाकून एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने पाहिलं.

"पास," ते म्हणाले. "काठावर, पण पास."

सासूबाईंनी काच खाली केली. त्यांचे डोळे भरले होते, धुराने असतील. "सरकार," त्या म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? मला अकरा वाजता माप घ्यायला जायचंय. शिक्का मार."

पुढे सुनेच्या फाइलवर शेरा आला आणि तिची बढती वर्षभर अडकली. काटेसाहेब दोन वर्षांनी निवृत्त झाले. नव्या घराचे पडदे त्यांनी सासूबाईंकडूनच शिवून घेतले आणि अर्ध्या इंचावरून त्यांच्याशी आठवडाभर भांडले. मामांनी गॅरेज विकलं आणि लेकीकडे समुद्रकिनारी राहायला गेले. तिथे ते इतरांच्या बोटी दुरुस्त करत. गेटवरच्या माणसाला पुढे बसवर नोकरी लागली. नवऱ्याने चाळिशीत ऑफिस सोडलं आणि आईबरोबर घरोघरी दांड्या ठोकत हिंडू लागला. त्यात त्याचा हात चांगला चालायचा, याचं त्याचं त्यालाच नवल वाटे.

सासूबाईंनी चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत गाडी चालवली. डोळे अधू झाले तेव्हा एका तंत्रशाळेने ती मागून नेली, मुलांना उघडून दाखवायला. सासूबाई त्यानंतर तीन वर्षांनी गेल्या, दोन दिवसांच्या आजारपणात, कोणाला फार त्रास न देता. सून परीक्षा देऊन तपासनीस झाली आणि त्याच केंद्रातून निवृत्त झाली. हल्ली तिचे गुडघे दुखतात, म्हणून गाडी तिची मुलगी चालवते, आणि ही मागे बसून गिअर कधी बदलायचा ते तिला सांगत असते.