भुरीच्या पाण्याची परात

मित्रांनो, मी एक जुनी जर्मनची परात आहे. लहानशी, काठाला पोचा पडलेली. कलाबाईंना अंगणवाडीत नोकरी लागली, त्या वर्षी त्यांनी मला भद्रकालीच्या बाजारातून नाशिकरोडच्या घरी आणलं. वीस वर्षं माझ्यात बाजरीचं पीठ मळलं गेलं. "हिच्यात हात कसा मोकळा फिरतो," असं त्या शेजारणींना कौतुकानं सांगत. मग स्टीलची परात आली आणि मी मागच्या दारी, अळूच्या वाफ्याजवळ गेले. तिथे घरची कुत्री भुरी आणि तिचा भाऊ टिकल्या माझ्यातलं पाणी पीत.

पावसाळ्यात अळूवरच्या गोगलगाई माझ्या काठावर चढत. काही पाण्यातच पडून राहत. मला रोज कोणी घासत नसे. भुरी त्यांच्यासकट पाणी लपलप पिऊन टाकी. मला त्याचं काही वाटलं नाही. त्यात काय असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

भाद्रपदात भुरी खोकू लागली.

"घशात हाडूक अडकलं असंल," कलाबाई म्हणाल्या.

"आई, दहा दिवस झाले," त्यांची मुलगी राखी म्हणाली. "चार पायऱ्या चढली तरी धाप लागते तिला."

"रविवारी नेऊ."

शुक्रवारी भुरीचं नख तुटलं. एवढंसं नख, पण रक्त थांबेना. फडकं बांधलं, ते भिजलं. दुसरं बांधलं, तेही भिजलं. दोघींनी तिला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. परत आल्या तेव्हा राखीच्या हातात नुसता पट्टा होता. कोणी रडलं नाही. कलाबाईंनी फाटक लावलं आणि त्या भाकरी थापायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी राखी मला घासत होती. कलाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या.

"जंताची गोळी तर दिली होती की गं."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे जंत फुप्फुसात होते. गोगलगाईतून गेले. त्यांच्यामुळे रक्तही लवकर गोठत नाही. आपली नेहमीची गोळी त्यांना पुरत नाही. आपल्याकडे हे सहसा दिसत नाही, म्हणून कोणाच्या मनातही येत नाही."

कलाबाई उठल्या आणि त्यांनी टिकल्याला हाक मारली.

टिकल्या अजून खोकतही नव्हता. तरी त्याची तीन दिवसांची शी तपासायला नेली. तीत त्याच जंतांच्या अळ्या निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी लगेच औषध सुरू केलं आणि टिकल्या वाचला. आता त्याची शी त्याच दिवशी उचलली जाते, कारण तिच्यातूनच गोगलगाईंना लागण होते. गोगलगाई चढतील म्हणून त्याचा चेंडू बाहेर राहत नाही. अळूच्या वाफ्याला जाळी लागली आहे. मला रोज घासतात आणि सांज झाली की घरात नेतात.

मित्रांनो, तुमचा कुत्रा खोकत असेल, लवकर दमत असेल, छोट्या जखमेचं रक्त थांबत नसेल, तर घरी अंदाज करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कलाबाई अजून माझ्यात दोघांपुरतं पाणी ओततात. टिकल्या त्याच्यापुरतं पितो. उरलेलं त्या संध्याकाळी मोरीत ओतून टाकतात.