देवरावांची टकटक

रेल्वेच्या दुर्ग लाईनवर चौतीस वर्षं रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या हातोडीनं ठोकत हिंडलेल्या देवरावांच्या बोटांना रिटायर झाल्यावरही चैन नव्हतं. चहाचा कप असो की टेबल, टकटक चालूच. सून ममता पार वैतागायची. आज तर भिलाईच्या त्या शाळेच्या फाटकातच तिनं बजावलं होतं, "मामाजी, आज काईच वाजवू नका. मले ही नोकरी पायजे."

आठ वर्षं शिकवण्या घेतल्यावर आलेली ही पहिली संधी, आणि सगळं शिकवून दाखवायच्या या एका तासावर ठरणार होतं. सामान धरायला सोबत आलेले देवराव मागच्या बाकावर हात काखेत दाबून बसले. ममता हिंदीत हर्ट्झ या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगत होती. ठिणगी पाडून त्यानं न दिसणाऱ्या लाटा पकडल्या, उपयोग काय विचारलं तर काहीच नाही म्हणाला म्हणे, आणि छत्तिसाव्या वर्षीच गेला. आज सगळ्यांचे मोबाईल तशाच लाटांवर बोलतात.

मग तिनं लोखंडाच्या किसाची काचेची नळी सेल आणि दिव्याला जोडली अन् हातभर दूर गॅसचा लायटर दाबला. मध्ये तार नाही, काही नाही, आणि दिवा लागला! पोरं बाकांवर चढली. देवरावांची छाती फुगली.

पण दिवा विझेना. घरी तर दर वेळी आपोआप विझायचा. मुख्याध्यापक म्हणाले, हा नुसता सेलवरचा दिवा झाला, लायटरचा काय संबंध? ममता लायटर पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

घरी ती हे जुळवायची तेव्हा समोर कोण बसायचं? आपणच. आणि काय करायचो? देवरावांनी काखेतले हात काढले. ते तडक टेबलापाशी गेले आणि सुनेचा शब्द मोडून दोन बोटं हाणली. टक.

दिवा विझला.

ममता आधी चिडली, मग थबकली, मग घाईघाईनं सांगू लागली. लाटेनं कण चिकटतात, धक्क्यानं सुटतात. जुने संशोधकही नळीशेजारी छोटी हातोडी ठेवायचे. लायटर, दिवा. टक, अंधार. मुख्याध्यापकांनी लायटर स्वतःकडे घेतला तो सोडेनातच. "सोमवार से आइए," ते दिव्यावरची नजर न हटवता म्हणाले.

परतताना ऑटोत देवरावांनी हात पुन्हा काखेत घातले. ममतानं त्यांचा एक हात ओढून मांडीवरच्या स्टीलच्या डब्यावर ठेवला.

"वाजवा आता, मामाजी."