सातशे बेचाळीसची मालकीण

चौथा स्क्रू काही केल्या हलेना. वाहन नोंदणीच्या कचेरीसमोर, नवऱ्याच्या बुइक गाडीमागे देओलिंदा फुर्तादो उकिडवी बसली होती. पुढची पाटी निघाली होती, मागचीचे तीन स्क्रू कोटाच्या खिशात पडले होते, आणि हा शेवटचा मात्र हट्टाला पेटला होता.

"सरका वहिनी, मी काढतो," जिल म्हणाला.

"तुम्ही आपली पेटी सांभाळा, भावजी."

जिल म्हणजे जिल्बर्तो, तिचा धाकटा दीर. त्याच्या हातात सुताराकडून खास करवून घेतलेली लाकडी पेटी होती, आतून निळी मखमल. पाट्यांना घरी जाईपर्यंत ओरखडा पडू नये म्हणून एवढा थाट. देओलिंदाने डब्याच्या पिशवीतून ऑलिव्ह तेलाची लहान बाटली काढली. वीस मिनिटांच्या प्रवासालाही डबा बांधून निघायची ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याची रीत कधीकधी अशी कामी येते. स्क्रूवर दोन थेंब सोडून ती थांबली आणि मग सगळा जोर लावून तिने पीळ दिला. स्क्रू कुरकुरला, पण फिरला.

पाटीवर तीनच आकडे होते. सातशे बेचाळीस. इथे चारचौघांच्या गाडीला लांबलचक नंबर असतात. तीन आकडी नंबर वारशाने येतो, आणि एकदा घरात आला की माणसं एक वेळ जमिनीचा तुकडा विकतील, पण तो सोडायची नाहीत. तिच्या नवऱ्याच्या, एव्हरिस्तोच्या काकाने कुठल्याशा निवडणुकीत गल्लीबोळ पालथे घातले होते, त्याचं हे बक्षीस. काकाकडून तो एव्हरिस्तोकडे आला. एव्हरिस्तो फेब्रुवारीत गेला, आणि गाडीच्या नोंदणीची मुदत आज संपत होती. चार वाजेपर्यंत ती नव्या नावाने झाली नाही तर नंबर सरकारजमा. त्यावर पहिला हक्क बायकोचा. तिने तो नावावर न घेताच सोडला तर भावाचा.

जिलचा जीव त्या नंबरात अडकला होता. दफनानंतरच्या जेवणात, सूप निवायच्या आत, त्याने विचारलं होतं, "वहिनी, नंबरचं काय ठरवलंय?" नंतर दर रविवारी चर्चबाहेर तेच. गाडी चालवता न येणाऱ्या बाईला हा नंबर काय करायचाय, असा त्याचा सरळ हिशेब होता. देओलिंदा एवढंच म्हणाली, "शुक्रवारी जाऊ कचेरीत." त्याने त्यातून हवं ते ऐकलं आणि आज स्वतः बुइक चालवत तिला घेऊन आला.

त्याला ठाऊक नव्हतं ते तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं. तीन आठवड्यांपूर्वी मिळालेलं लायसन्स. शाळेच्या बसवरून निवृत्त झालेल्या नॉर्माने तिला चर्चमागच्या मैदानात शिकवलं होतं. दोनदा ती परीक्षेत नापास झाली. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा तपासनीसाच्या देखत रडली, आणि त्याची तिला मुळीच लाज वाटली नाही.

तिशीत असताना ती एकदा या नंबरच्या गाडीत स्टिअरिंगसमोर बसली होती. एव्हरिस्तो हसत म्हणाला होता, "या नंबरवर शिकतेस? एक ओरखडा आला तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या राज्याला कळेल." माणूस वाईट नव्हता. ती म्हणेल तिथे न्यायचा, बाहेर पेपर वाचत तासन्‌तास थांबायचा. क्लबच्या पायरीवर पत्ते कुटणारे म्हातारे गाडी दिसली की ओरडायचे, "आला रे सातशे बेचाळीस!" आणि एव्हरिस्तोची मान ताठ व्हायची. पण जिथे गाडी उभी, तिथली बातमी गावभर. छातीतली गाठ दाखवायला ती डॉक्टरकडे गेली, तर परत येईपर्यंत दारात शेजाऱ्यांचे दोन गोड पाव येऊन पडलेले. गाठ साधीच निघाली. पाव मात्र आठवडाभर खावे लागले.

कचेरीत खिडकीमागच्या बाईच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'यव्होन' असं नाव होतं. पाट्या काउंटरवर ठेवल्या तशी ती सावरून बसली.

"सातशे बेचाळीस! इतका जुना नंबर हातात धरायला मिळत नाही हो रोज."

"घरचाच आहे," जिल म्हणाला आणि त्याने भरून आणलेला कागद पुढे सरकवला. "वहिनी हक्क सोडतायत. फक्त सही राहिलीय."

"थांबा जरा," देओलिंदा म्हणाली. तिने पर्समधून एकेक कागद काढला. मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, स्वतःच्या नावाचा विमा. सगळ्यांत शेवटी लायसन्स.

"हे काय?" जिलने विचारलं.

"लायसन्स."

"कुणाचं?"

"फोटो बघा ना. वाईट आलाय, पण मीच आहे."

जिलने फोटो पाहिला, वहिनीकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"आणि मला पत्ता नाही?"

"तुम्ही मला विचारलंत कधी? तुम्ही नंबरची चौकशी करत होतात."

यव्होनने खाली मान घालून हसू लपवलं. तिची बोटं बराच वेळ खटखटत राहिली. मग तिने संगणकाचा पडदा देओलिंदाकडे फिरवला.

"नाव नीट तपासा. गाडी तुमची, नंबरही तुमचा. इथे सही."

सातशे बेचाळीस, आणि शेजारी तिचं नाव. देओलिंदाने ते दोनदा वाचलं. आनंदाने तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सही करताना तिने आडनावाचा शेवटचा फराटा एरवीपेक्षा लांब ओढला.

जिलने पेटी खाली ठेवली. "ठीक आहे. जिंकलात. निदान तुमच्यानंतर तरी माझा विचार करा."

देओलिंदाने पाटीवरून बोट फिरवलं. चौथ्या भोकाजवळ तेलाचा डाग राहिला होता, तो तिने रुमालाने पुसला.

"बाई, आता हा माझाच ना?" तिने यव्होनला विचारलं. "मला वाटेल ते करता येईल?"

"विकता येणार नाही. बाकी तुमची मर्जी."

"मग परत घ्या. गाडीला साधा नंबर द्या. गठ्ठ्यात वर असेल तो."

यव्होनची बोटं थांबली. "एकोणीस वर्षं या खिडकीत बसतेय मी. हे आजवर कुणी म्हणालं नाही."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का?" जिलचा आवाज चढला तशा मागच्या रांगेतल्या माना वळल्या. "परत काय करता? मी उभा आहे ना इथे! मला द्या!"

"ग्रासाला गाडी येते का हो, भावजी?"

"ग्रासा?" बायकोचं नाव मध्येच आलेलं बघून तो गोंधळला. "तिला कशाला हवी? मी आहे की न्यायला-आणायला."

"म्हणूनच."

जिलने काउंटरवरच्या जुन्या पाटीवर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "भावाची निशाणी होती हो."

या वेळी तो खरं बोलत होता. देओलिंदाने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"तुमच्या भावाची निशाणी मी आहे. चाळीस वर्षांची. रविवारी ग्रासाला घेऊन जेवायला या."

यव्होनने दोन नव्याकोऱ्या पाट्या काढून दिल्या. आकडे इतके की दारापर्यंत जाईस्तोवर देओलिंदा ते विसरली आणि पुन्हा वाचून पुन्हा विसरली.

बाहेर तिने दोन्ही पाट्या स्वतःच्या हाताने बसवल्या. जिल शेजारी वाकून एकेक स्क्रू पुढे करत होता, घुश्श्यातच, पण न चुकता. काम झाल्यावर तिने स्क्रूड्रायव्हर आणि तेलाची बाटली मखमलीच्या पेटीत ठेवली. मग तिने हात पसरला. जिलने किल्ली दिली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. पट्टा लावायला त्याला जरा वेळच लागला.

हमरस्त्यावर ती वेगवान गाड्यांच्या डाव्या रांगेत गेली नाही, पण घाबरलीही नाही. जिल सुरुवातीला दोन्ही पायांनी हवेतच ब्रेक दाबत होता. पुलाच्या पलीकडे त्याचे पाय सैल झाले.

"सोमवारी सकाळी ग्रासाला चर्चच्या मैदानात पाठवा," ती म्हणाली. "नॉर्माला सांगून ठेवलंय."

"हेही आधीच ठरलंय?"

"ग्रासानेच विचारलं होतं मला. ईस्टरला."

वळणावर क्लब आला. पायरीवर पत्ते रंगात आले होते. बुइक ओळखून दोघातिघांनी सवयीने हात वर केले. मग त्यांची नजर पुढच्या पाटीवर गेली आणि हात अर्ध्यात अडले. एकाने डोळे बारीक करून काचेतून आत पाहिलं. त्याच्या हातातले पत्ते मांडीवर सांडले.

"अरे, देओलिंदा!" तो ओरडला. "देओलिंदा चालवतेय!"

सगळी पायरी उठून उभी राहिली. सगळे हात एकदम वर गेले, आणि तिचं नाव रस्ताभर घुमलं.

तिला हसू आवरेना. पण दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे असं नॉर्माने बजावलं होतं, आणि समोर वळण होतं.

"भावजी," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "माझ्या वतीने जरा तुम्हीच हात करा."