पेट्रोल आहे का, मॅडम?

मैत्रीची मोटारसायकल रस्त्यात बंद पडली की पहिला प्रश्न ठरलेला असे. विचारणारा दर वेळी निराळा, प्रश्न मात्र तोच.

"पेट्रोल आहे का, मॅडम?"

कर्वे रस्त्यावर बसच्या पुढ्यात गाडी गुदमरली तेव्हा तो एका इस्त्रीच्या शर्टातल्या गृहस्थांनी विचारला. म्हात्रे पुलावर हेल्मेट कोपरात अडकवलेल्या एका तरुणाने विचारला. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईला आपल्या टाकीत पेट्रोल आहे की नाही एवढे कळत असावे, ही शक्यता या मंडळींपैकी एकाच्याही मनाला शिवली नाही. उत्तराची वाट पाहण्याची रीतही नव्हती. किल्ली मागून घ्यायची, टाकीचे झाकण उघडायचे, डोळा आत घालायचा, डुचमळणारे पेट्रोल पाहून किंचित हिरमुसायचे, झाकण लावायचे आणि एक किक मारायची. गाडी निमूट सुरू होई. तज्ज्ञ हात झटकून म्हणे, "लेडीजच्या किकमध्ये तेवढा जोर नसतो हो," आणि समाजकार्याच्या समाधानात निघून जाई. मैत्री "धन्यवाद" म्हणे. ऐकणाऱ्याला जरा कान असता तर त्याने तो शब्द तिला परत केला असता.

काही मैल सुरळीत जात. मग पुन्हा एक आचका, दुसरा आचका, आणि शांतता.

गाडी मुळात तिच्या वडिलांची. सुखदेव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. दर रविवारी खडकवासल्याला जाऊन धरणातले पाणी डोळ्यांखालून घालणे, हे काम मात्र त्यांनी सरकारला परत केले नव्हते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते मागच्या सीटवर गेले आणि हँडल मैत्रीकडे आले. "इतकी वर्षं वापरली, पण हिला कधी पाना लावला नाही मी," असे ते अभिमानाने सांगत. खरे होते ते. पाना नेहमी सर्जेरावांनी लावला.

सर्जेरावांचे गॅरेज कोथरूडात डेपोच्या मागे होते. दर भेटीला तेही आधी टाकीचे झाकण उघडून डोकावत आणि गाडी सुरू करून दाखवत. त्यांनी आधी प्लग बदलला, मग कॉइल बदलली, मग गाडी थकल्याचे जाहीर केले. हे सारे ते मैत्रीच्या खांद्यावरून सुखदेवांना सांगत.

"काका, ताईंना जरा सांगा, चोक ओढून ठेवत जाऊ नका म्हणावं."

"ताई इथेच उभ्या आहेत," मैत्री म्हणाली.

"हो ना," सर्जेराव म्हणाले आणि सुखदेवांकडे वळले. "कसं आहे काका, लेडीजच्या हातात गाडी लवकर खराब होते."

मैत्रीला राग आला की तिचा आवाज चढत नसे. उतरे, आणि भाषा अधिक शुद्ध होई. "आपण घेतलेल्या श्रमांबद्दल आभारी आहे," एवढे बोलून तिने गाडी सुरू न करताच ढकलत बाहेर काढली आणि तशीच घरापर्यंत ढकलत आणली.

घरी धाकटा भाऊ चेतन आला होता. बाणेरला राहणारा, आयटीतला, काळजी करतानाही टाइम-लाइन आखणारा.

"ताई, बास झालं. परवा बसखाली आली असतीस. मी इलेक्ट्रिक स्कूटर बुक करतोय तुझ्यासाठी. ही भंगारात देऊ."

 सुखदेवांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. त्यांच्या घरात हा निषेधाचा सर्वात तीव्र प्रकार होता.

"चेतन, पुढचा रविवार सोडून त्यापुढचा," मैत्री म्हणाली. "मी बाबांना घेऊन खडकवासल्याला जाईन आणि परत घरी आणीन. वाटेत बंद पडली तर मीच सुरू करीन. दुसऱ्या कोणाचा हात गाडीला लागला, तर तू म्हणशील ते."

"तू? दुरुस्ती?"

"पंच म्हणून मागून ये. तुझ्या त्या बॅटरीच्या स्कूटरवरूनच ये."

मग तिने शास्त्रशुद्ध तयारी केली. कंपनीची जुनी पुस्तिका मिळवली, पान्यांचा संच आणला, पार्किंगमध्ये वर्तमानपत्रे अंथरली. संपादकीय पानाचा इतका थेट उपयोग तिने प्रथमच पाहिला. आयुष्यभर तिने असे ग्रंथ वाचले होते ज्यांतले एकही वाक्य खरे की खोटे हे लेखकाच्या मृत्यूनंतरही ठरत नाही. या पुस्तिकेतले प्रत्येक वाक्य तिथल्या तिथे तपासता येत होते. डावीकडे फिरवा म्हटले होते. फिरवले की सुटत होते. प्लग पहिल्यांदा हातात आला तेव्हा तिला जो आनंद झाला तो पीएच.डी. मिळाल्यावर झाला नव्हता, कारण पीएच.डी. तिला कोणीतरी दिली होती.

शेजारच्या वेणूकाकू भाजीची पिशवी घेऊन थबकल्या.

"अगं, तू प्रोफेसर ना?"

"हो, काकू."

"मग हे काय?"

"हेही तेच आहे. फक्त इथे उत्तर सापडतं."

"सापडू दे बाई. आणि हाताला डाळीचं पीठ चोळ, साबणाने नाही जायचं ते."

तिने कार्बोरेटर उघडला, त्यातली बारीक छिद्रे फुंकून साफ केली, जोडला. शेवटी एक वॉशर उरला. तो कुठला हे पुस्तिकेत पाहून तिने सारे पुन्हा उघडले आणि पुन्हा जोडले. दुसऱ्या वेळी निम्म्याहून कमी वेळ लागला. नखांतली काळी रेघ घेऊन ती वर्गात गेली, फळ्यावर लिहिताना ती मुलांना दिसावी अशा बेताने हात धरला. गाडी अजून बंद पडतच होती. पण दोष कुठे नाही हे आता तिला ठाऊक होते, आणि ते ज्ञान गॅरेजमध्ये कधी दाखल झाले नव्हते.

ठरलेल्या रविवारी तिघे निघाले. वारजे गेले, शिवणे गेले, नदी ओलांडली. नांदेड फाट्याशी गाडीने आचका दिला, दुसरा दिला, आणि ती रस्त्याच्या कडेला घरंगळत थांबली.

चेतनने स्कूटर मागे उभी केली आणि हाताची घडी घातली. मैत्रीने प्लग काढला, कोरडा. ठिणगी पाहिली, उत्तम. म्हणजे पेट्रोल पोहोचत नव्हते. टाकी तर सकाळीच भरली होती. ती उकिडवी बसून विचार करीत असताना तिच्यावर एक सावली पडली. सिंहगड उतरून आलेले एक गृहस्थ होते: गुडघ्याला पट्टा, हातात मुळ्याची जुडी, चेहऱ्यावर उंचावरून आल्याचा भाव.

"पेट्रोल आहे का, मॅडम?"

"आहे."

"बघितलंय का?"

"सकाळी भरलंय."

"तरी बघायला काय हरकत आहे? आणा किल्ली."

"ताई," मागून चेतन म्हणाला, "त्यांनी हात लावला तर संपलं हं."

गृहस्थांचा हात टाकीकडे आला. मैत्रीने झाकणावर तळवा ठेवला, आणि तळवा तिथेच राहिला.

दरवर्षी जूनमध्ये ती मुलांना शिकवत असे: प्रसंग वेगवेगळे असतील आणि परिणाम एक असेल, तर सगळ्या प्रसंगांत समान काय आहे ते शोधा. इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ, पुलावरचा तरुण, दर भेटीला सर्जेराव. निदान प्रत्येकाचे चुकले होते आणि गाडी प्रत्येकाच्या हातून सुरू झाली होती. समान काय? किक नव्हे, किक तीही मारत होती. तिने मात्र हे झाकण रस्त्यात एकदाही उघडले नव्हते. का उघडावे? पेट्रोल आहे हे तिला माहीत होते, आणि ते तपासणे म्हणजे त्या प्रश्नाला मान तुकवणे होते. प्रश्नाचा इतका संताप की हात काय करतो आहे हे पाहायचे तिच्याकडून राहून गेले होते.

"बाबा, उतरा. कान इथे आणा."

सुखदेवांनी वाकून कान टाकीपाशी नेला. मैत्रीने किल्ली फिरवली आणि झाकण हळूच उचलले.

सुस्स.

"ऐकलंत?"

"गॅस असतो हो तो," गृहस्थ म्हणाले. "बाहेर पडतो."

"हवा आहे. आत जाते आहे."

झाकण लावून तिने किक मारली. गाडी सुरू झाली. तिने ती मुद्दाम बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली. तिच्या चेहऱ्यावर असे काही पसरले होते की चेतनची हाताची घडी सुटली.

"गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट पडतं का?" ती म्हणाली.

"नाही," सुखदेव म्हणाले. "दुसरं पाडावं लागतं. हवेला."

"ते दुसरं भोक या झाकणात असतं. ते बुजलंय. पेट्रोल खाली जातं, वर हवा शिरत नाही, मग पेट्रोल उतरायचं थांबतं. कोणी झाकण उघडलं की चालू."

तिने झाकण उन्हाकडे धरले. किल्लीच्या खाचेशेजारी ते छिद्र होते, आणि त्यात तांबूस पिवळा, दगडासारखा घट्ट खडा बसला होता. तिने तो नखाने खरवडला, वास घेतला.

"बाबा, हे हळदकुंकू आहे."

सुखदेव रस्त्याकडे पाहू लागले. रस्त्यावर पाहण्यासारखे काही नव्हते.

"बाबा."

"अगं, दसऱ्याला आपण दीक्षाभूमीला गेलो होतो ना. वेणूताईंनी पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांची पूजा केली. म्हणाल्या, तुमची तेवढी एकटी बिचारी तशीच कशी ठेवायची. चांगलं कालवून, अक्षता वगैरे लावून. मी आल्यावर पुसलं होतं वरवर."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू व्याख्यान दिलं असतंस. त्यांना."

मैत्रीने तोंड उघडले. व्याख्यान तयार होते; प्रस्तावनेसह तयार होते. मग तिला भाजीची पिशवी खांद्याला लावून पार्किंगभर कुंकू लावत फिरणाऱ्या वेणूकाकू दिसल्या, या गाडीशी थांबून, हिला जरा जास्तच लावू म्हणणाऱ्या, आणि त्या कुंकवाच्या पुण्याईने भर रस्त्यात उभी असलेली ती स्वतः दिसली. ती हसू लागली. हसता हसता तिला टाकीचा आधार घ्यावा लागला.

"पुढल्या वर्षी नंबरप्लेटला लावा म्हणू," ती म्हणाली. ओढणीची सेफ्टी पिन काढून तिने छिद्र कोरले आणि तोंडाने फुंकले. हवा आरपार गेली.

गृहस्थ अजून तिथेच होते. "म्हणजे मी म्हणत होतो तेच. झाकण."

"अगदी बरोबर," मैत्री म्हणाली. "फक्त ते आपल्याला ठाऊक नव्हतं."

धरणावर त्यांनी कांदाभजी खाल्ली. सुखदेवांनी पाण्याची पातळी पाहिली आणि ती समाधानकारक असल्याचा निर्वाळा दिला. परतीला मैत्रीचे कान इंजिनाशी होते. नांदेड फाटा आला, आचका नाही. शिवणे, वारजे, नाही. वारज्याच्या चढावर तिने मूठ पिळली आणि गाडीने तक्रार केली नाही. मागे सुखदेव काहीतरी गुणगुणत होते; सूर नव्हता, पण जोर होता.

सोसायटीचे फाटक आले. मैत्री वळली नाही.

"अगं, घर मागे राहिलं."

"राहू द्या."

पुढच्या सिग्नलला चेतनने स्कूटर शेजारी आणली. "ताई, घरी आणायचं ठरलं होतं."

"आणणार आहे. तुझी बॅटरी किती उरलीय?"

त्याने खाली पाहिले. "घरापुरती."

"मग तू पुढे जाऊन चहा टाक. आणि बुकिंग रद्द कर."

"ते मघाशीच केलं," चेतन म्हणाला. "तू भजी खात होतीस तेव्हा. मला ते कार्बोरेटरचं दाखवशील का कधी?"

"मला आधी," मागून सुखदेव म्हणाले. "मी सीनियर आहे."

सिग्नल सुटला. मैत्रीने गाडी पौड रस्त्याच्या गर्दीत घातली आणि जिथे रस्ता जरा मोकळा दिसेल तिकडे ती निघाली.