खिळा मारायचा नाही

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. भिंतीवर लावायचा म्हणून मला घडवले, पण माझे बहुतेक आयुष्य जमिनीवर, भिंतीला टेकून गेले. त्यामुळे माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा मी छतेच जास्त पाहिली आहेत. ओल आलेली, पोपडे सुटलेली, पंखा जाऊन नुसता हूक उरलेली. आता छतांचा मला अगदी वीट आला आहे.

माझी काच एका लहानशा कारखान्यात कापली गेली. पाठीवर चकचकीत मुलामा चढला, सुताराने लाकडी चौकट बसवली. एका वायरमनच्या लग्नात त्याच्या थोरल्या भावाने मला भेट दिले. "घर घेशील तेव्हा दारासमोर लाव," तो म्हणाला. लग्नाला आलेला प्रत्येक जण माझ्यासमोर थबकून केस सारखे करून जात होता. ते माझे कौतुकाचे दिवस.

पहिल्याच भाड्याच्या घरात मालकाने किल्ली देताना बजावले, "खिळा मारायचा नाही हं. रंग नवा आहे." रंग कसला नवा, हात लावला तर बोटाला चुना लागत होता. पण करता काय? मला कोपऱ्यात टेकवले. पुढचा मालकही तेच म्हणाला, त्याच्या पुढचाही. माझा वायरमन सकाळी माझ्यासमोर वाकून भांग पाडायचा आणि मग दिवसभर लोकांच्या नव्याकोऱ्या भिंतींना भोके पाडत फिरायचा. भाडे वाढले की बिऱ्हाड हलायचे. मला चादरीत गुंडाळून टेम्पोत घालायचे. अशाच एका हलवाहलवीत माझा खालचा कोपरा तडकला. "आपल्या घरात गेलो की नवी काच बसवू," वायरमनची बायको म्हणाली. हे ती पुढे दर वेळी म्हणायची.

मग एकदा बातमी आली की पहिले घर घेणाऱ्यांना सरकार मदत देणार. नवरा-बायकोने पोटाला चिमटा काढून थोडेफार साठवले होतेच. मदत मिळाली तर दोन खोल्या आवाक्यात येत होत्या. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती. तिने माझ्या काचेवर वाफ सोडून बोटाने घर काढले. मलाही, खोटे कशाला बोलू, खिळ्याची स्वप्ने पडू लागली.

वायरमन कचेरीतून परतला तो तोंड पाडूनच.

"माझ्या नावावर घर आहे म्हणे."

"कुठाय?" बायको म्हणाली. "मलाही दाखवा की एकदा."

आईवडिलांच्या पश्चात थोरल्या भावाने त्यांच्या घराला आपल्यासोबत धाकट्याचेही नाव लावले होते. भावाचे कुटुंब तिथे इतक्या दाटीने राहत होते की याला पाठ टेकायलाही जागा नव्हती. पण कागदावर हा मालक होता, आणि मालकाला मदत नव्हती.

पुढच्या आठवड्यात भाऊ आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. जमिनीवर बसलेला माणूसच मला पुरता दिसायचा.

"तुला परकं वाटू नये म्हणून नाव घातलं होतं रे," तो म्हणाला.

"माहितेय, दादा."

"आणि आता मीच काढू?"

"तू नको काढूस. मी सोडतो. सही मलाच करायचीये."

मग भावाचे माझ्याकडे लक्ष गेले. "हा अजून खालीच?" त्याने विचारले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

सही झाली. वडिलांच्या घरावरचा हक्क सुटला, पण तोवर त्या वर्षीचे अर्ज बंद झाले होते. पुढच्या खेपेला मदत मंजूर झाली, तर घरांचे भाव तिच्या पुढे निघून गेले होते. शेवटी शहराच्या पार टोकाला, दोनाऐवजी एकाच खोलीचे घर झाले. मुलगी तोवर नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती.

वायरमनने स्वतः खिळा ठोकला. आयुष्यभर भिंतींशी खेळलेला माणूस, पण स्वतःच्या भिंतीत हा त्याचा पहिलाच खिळा. त्याने मला उचलून टांगले आणि मित्रांनो, मला पहिल्यांदा समोरचे दार दिसले, खिडकी दिसली. "आता बघा ऐटीत," बायको म्हणाली. वायरमन पुढे आला, खिशातून कंगवा काढला आणि सवयीने खाली वाकला. त्याचा चेहरा माझ्यात आलाच नाही. दिसली ती नुसती वाकलेली पाठ.

"अहो, सरळ उभे राहा ना!"

तो हसला. कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाला. तेव्हा मी त्याला नीट पाहिले. भांग पाडण्याइतके केस आता उरले नव्हते.

मित्रांनो, मी थकलो आहे. माझा तडकलेला कोपरा तसाच आहे, नव्या काचेचे आता कुणी बोलत नाही. मुलगी फोनवर सांगते की तिच्या भाड्याच्या खोलीत आरसा खुर्चीवर ठेवावा लागतो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले कुणी घरमालकही व्हाल. भिंतीचा रंग जरूर जपा. पण तुमच्या घरात राहायला आलेल्या माणसाने विचारले, तर त्याला एक खिळा मारू द्या. भोक काय, नंतर बुजवता येते.